वावरात उभी केलेली संजीवनी

कापसाच्या वावरात एका बाईचा पोहण्याच्या कपड्यांतला फोटो उभा असतो, असं बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो आधी हसतो. हसू द्या. दहा-बारा वर्षांपूर्वी तुम्ही संग्रामपूरच्या रस्त्यानं गेला असता तर तुम्हालाही ती दिसली असती. छातीइतक्या पऱ्हाटीच्या मधोमध दोन बांबूंवर ताणलेला फ्लेक्स, त्यावर निळं पाणी, पाण्याच्या काठावर ती, हात मागे घेतलेले, डावा खांदा जरा खाली. ती संजीवनी. तिला तिथं उभं करणारा मी.

खामगावात मला बशीर पेंटर म्हणतात. दुकानाच्या पाटीवर 'डिजिटल' लिहून पंधरा वर्षं झाली, तरी लोकांच्या तोंडी पेंटरच आहे आणि मला ते बरं वाटतं. त्याआधी सगळं आयुष्य ब्रशनं काढलं. दुकानांच्या पाट्या, निवडणुकीच्या भिंती, साबण, बिडी, आणि बीटी कापूस आल्यावर बियाण्यांच्या जाहिराती. कंपनीचा माणूस सायकलच्या चाकाएवढं बोंड काढायला लावायचा आणि वर म्हणायचा, अजून जरा मोठं करा. मी करायचो. भिंतीवर एकही अळी मी कधी काढली नाही.

संजीवनीला मी पहिल्यांदा पाहिलं ते बीटीच्या आधी, साबणाच्या एका भिंतीमुळं. सातपुड्याच्या पायथ्याचं तिचं गाव. नाव लिहीत नाही, कारण पुढं जे सांगायचं आहे त्यात गावाची लाज आहे, आणि माझी त्याहून जास्त. अर्जुनरावांच्या विहिरीवर मोटर ठेवायची खोली होती, तिची भिंत रस्त्यावरून दिसायची, म्हणून मी ती रंगवत होतो. तेवढ्यात धप्प असा आवाज आला. मी शिडीवरून पडता पडता वाचलो. बारा वर्षांची पोरगी विहिरीच्या काठावरून सरळ खाली उडी घेत होती, पायऱ्यांनी वर येत होती, पुन्हा उडी. अर्जुनराव बाजूला बसून निवांत तंबाखू चोळत होते.

"पडली-बिडली तर?" मी म्हणालो.

"पडाले काय झालं? पाण्यातच पडते नं," ते म्हणाले. "माह्या लेकीले पाठीले डबा बांधून शिकवलं मी. आता डबाबी नाही लागत तिले."

उडीआधी ती काठावर उभी राहायची तेव्हा डावा खांदा खाली जायचा. मी चित्रकार माणूस, चेहरे विसरतो पण उभं राहणं विसरत नाही.

पुढं ती शाळेकडून जिल्ह्याला, विभागाला पोहून आली. औरंगाबादला कॉलेजात गेली ती पोहण्याच्याच जोरावर. तिथून मुंबई. पदकांनी पोट भरत नाही हे कळायला तिला दोन वर्षं लागली. मग पोहण्याचे कपडे बनवणाऱ्या एका कंपनीनं तिला तलावावर पाहिलं आणि खोक्यावरच्या फोटोसाठी बोलावलं. तिनं घरी सांगितलं, कपड्यांच्या कंपनीत काम आहे. ते खोटं नव्हतं. अर्जुनराव गावभर सांगत सुटले की पोरगी कपड्यांच्या कंपनीत साहेब झाली. आई मंजुळाबाई मात्र कसलं कापड, कोणते कपडे, असं विचारत राहिली आणि उत्तर न मिळाल्यावर विचारायची थांबली.

नऊ-दहा वर्षं तिनं हे काम केलं. नटी झाली नाही, होणारही नव्हती. खोक्यावरची बाई, पत्रकावरची बाई, वॉटरपार्कच्या फलकावरची बाई. पुढं एकदा तिनं मला त्या कामाचं सांगितलं होतं. जानेवारीत पहाटे थंडगार पाण्यात उतरायचं आणि चेहरा उन्हाळ्याचा ठेवायचा. अंगावर काटा आला की फोटोवाला ओरडायचा. तिचे खांदे पोहणाऱ्या माणसाचे होते, रुंद, ते कंपनीला नको असायचे. ते संगणकावर बारीक केले जायचे. "काका, माह्या खोक्यावर माहे खांदेच नव्हते," असं म्हणून ती हसली होती. पण नागपूरला तिला एक पन्नाशीची मास्तरीण भेटली होती. ती म्हणाली, तुमचा फोटो पाहून मी दुकानातून खोकं उचललं आणि या वयात पोहायला शिकले. ही एक गोष्ट संजीवनी सगळ्यांना सांगायची. बाकी कामाबद्दल विचारल्याशिवाय बोलायची नाही.

आता माझा पराक्रम. दोन हजार दहा साल. अकोल्याच्या बाजूला कुठंतरी वॉटरपार्क निघाला आणि त्याची पत्रकं खामगावच्या बाजारात वाटली. संजीवनीच्या गावचा मोतीराम बियाणं न्यायला आला होता. अर्जुनरावांच्या वावराला लागून त्याचं वावर. तो पत्रक हातात घेऊन माझ्या दुकानात शिरला.

"बशीरभाई, हे मोठं करून द्या. माणसाएवढं."

"कायले?"

"वावरात लावतो. रस्त्याचं वावर आहे, येणारा-जाणारा डोळे फाडून पऱ्हाटीकडं पाह्यते. हिच्याकडं पाह्यलं तं पऱ्हाटीकडं कोन पाह्यते?"

पिकाला नजर लागू नये म्हणून आमच्याकडं पूर्वी काळं मडकं काठीवर उलटं ठेवायचे. त्या मडक्यांवर चुन्यानं डोळे मीच काढून द्यायचो. मोतीरामचा हिशेब सरळ होता. मडक्यापेक्षा बाई बरी.

पत्रकावर ती काठावर उभी होती आणि डावा खांदा खाली होता. मी ओळखलं. एका क्षणात ओळखलं. मोतीरामनं नाही ओळखलं, त्यानं तिला परकर-पोलक्यातच पाहिलेलं. मी सांगायला हवं होतं की भाऊ, ही तुमच्या शेजाऱ्याची लेक आहे. नाही सांगितलं. मला वाटलं, सांगितलं तर बोभाटा होईल, तिचीच बदनामी होईल. हे मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे फ्लेक्सची मशीन नवी होती आणि काम हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. मी फोटो मोठा केला, वॉटरपार्कचं नाव काढून टाकलं, आणि सगळे फ्लेक्सवाले करतात तसं खाली बारीक अक्षरांत दुकानाचं नाव आणि मोबाईल नंबर टाकला.

त्या वर्षी मोतीरामला कापूस भरघोस झाला. पाऊस वेळेवर होता, बोंडअळी अजून बीटीला भ्यायची, जमीन काळीभोर. पण नाव झालं फोटोचं. पुढच्या मृगाआधी दुकानात रांग लागली. 'मोतीरामवाली बाई पाह्यजे' म्हणून लोक यायचे. नुसत्या त्या तालुक्यात नाही, घाटाखालच्या तीन तालुक्यांत ती उभी राहिली. सलूनवाल्यांनी लहान प्रती नेल्या. पोरं ट्रॅक्टरच्या मागं चिकटवायची. ज्या कंपनीसाठी ती थंडीत कुडकुडली, त्या कंपनीनं तिला केली नसेल एवढी प्रसिद्ध मी केली, आणि तिला पत्तासुद्धा नाही.

दुसऱ्या वर्षी मोतीराम तक्रार घेऊन आला. कोणीतरी त्याच्या फोटोला लुगडं नेसवून जातं म्हणे. तो सोडून ठेवतो, सकाळी पुन्हा नेसवलेलं असतं. जुनं, विटकं, पण स्वच्छ धुतलेलं. तो हसत होता. मी नाही हसलो. पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम त्या रस्त्यानं गेलो. भर दुपारी मंजुळाबाई निंदण सोडून शेजारच्या वावरात उभी होती आणि लुगड्याची गाठ फोटोच्या मानेमागं बांधत होती. मला पाहून तिनं हात थांबवला नाही.

"वहिनी," मी म्हणालो.

"ऊन लय लागते, भाऊ," ती म्हणाली.

घरी येऊन मी इमामबीला सगळं सांगितलं. माझी बायको कमी बोलते. ती म्हणाली, "उद्या मशीनमधून तो फोटो काढून टाका." मी हो म्हणालो. काढला नाही. हंगाम चालू होता.

दोन हजार सतराच्या दसऱ्याला संजीवनी गावी परत आली, कायमची. बत्तीस वर्षांची झाली होती, खोक्यांवर आता विशीतल्या मुली होत्या. लग्न केलं नव्हतं. अर्जुनराव वर्षापूर्वीच्या उन्हाळ्यात वारले होते, आणि आजवर ती यायची ती उन्हाळ्यातच, वावरं रिकामी असताना. गावात शिरता शिरताच तिनं स्वतःला वावरात उभं पाहिलं. सगळ्या गावानंही तेव्हाच ओळखलं, कारण आता ती शेजारी उभी होती. चार दिवस कुजबुज झाली, मग बायकांनी तिला चहाला बोलावलं, कारण ती जशी गेली होती तशीच आली होती, वऱ्हाडी बोलणारी आणि चुलीपुढं बसणारी.

ती एका कामासाठी आली होती. तोवर गावोगाव शेततळी झाली होती. मोठा खड्डा, त्यात काळं प्लास्टिक अंथरलेलं. प्लास्टिक ओलं झालं की त्यावर पाय ठरत नाही, पडलेलं माणूस काठाला हात लावूनही वर येऊ शकत नाही. शेजारच्या गावात आदल्या वर्षी दोघी बहिणी अशाच गेल्या. पाणी भरायला पोरीच जातात, कपडे धुवायला पोरीच जातात आणि पोहायला फक्त पोरं शिकतात. संजीवनीनं ठरवलं, दिवाळीच्या सुट्टीत गावातल्या पोरींना बापाच्या विहिरीत पोहायला शिकवायचं. एकवीस दिवस. पडलं तर तरंगायचं कसं आणि दोरी येईपर्यंत दम कसा धरायचा, एवढं तरी.

अकरा पोरी जमल्या. मोतीरामची नात प्रांजल पहिली. दहा वर्षांची, नाकात तोंडात पाणी गेलं तरी हसणारी. तीन तालुक्यांत पोहण्याच्या कपड्यांत उभी असलेली संजीवनी प्रत्यक्ष पाण्यात उतरायची ती ढगळ ट्रॅकपँट आणि बापाचा फुल बाह्यांचा सदरा घालून. पोरी सलवार-कुर्त्यात. काठावर आया बसलेल्या. मंजुळाबाई दोरीचं टोक धरून. पोरींच्या पाठीला डबे. हे मी डोळ्यांनी पाहिलं, कारण तिनं मला निरोप पाठवला होता की वर्गासाठी पाटी हवी, पण फ्लेक्स नको, हातानं लिहिलेली.

मी पाटी लिहिली. मन लावून लिहिली. पैसे घेतले नाहीत, वाटलं की तेवढ्यानं माझं फिटेल. नवव्या दिवशी पाटी घेऊन गेलो. विहिरीवर तिनं मला चहा दिला आणि कामाच्या जुन्या गोष्टी सांगितल्या, त्या खांद्यांच्या आणि मास्तरणीच्या. माझ्या तोंडात शब्द येत होता की पोरी, ते वावरातले फोटो माझे. गिळला.

त्याच संध्याकाळी मारुतीच्या पारावर गाव जमलं होतं. ते वर्ष कसं गेलं ते सांगायला नको. बोंड वरून हिरवं, फोडलं की आत गुलाबी अळी. ज्या बियाण्याला अळी लागत नाही म्हणून मी भिंती रंगवल्या, त्याच बियाण्यात ती निघाली. लोक उभ्या पऱ्हाटीत गुरं सोडत होते. कृषी केंद्रवाला आला होता आणि लोक त्याला धरून विचारत होते, बियाणं कसलं दिलं बे तू? तो घामाघूम झाला. मग त्याला सुचलं.

"बियान्याले कायले दोष देता?" तो म्हणाला. "नंगी बाई वावरात उभी केली तुमीच. लक्ष्मी राहीन काय तिथं? आन आता तं ती सोता आली. विहिरीत उतरवून राह्यली तुमच्या पोरीईले."

लोकांना राग काढायला जागा हवी होती, ती मिळाली. कोणी म्हणालं, खरं आहे. कोणी म्हणालं, फोटो तिनंच पाठवले असतील. संजीवनी बायकांच्या बाजूला उभी होती. ती म्हणाली, "मी पाठवले नाही. मले माहीतबी नव्हतं."

"मंग कोनं लावले?" कृषी केंद्रवाला म्हणाला. "सांगा कोनी. आहे काय कोनी सांगनारं?"

मी पाराच्या दुसऱ्या टोकाला बसलो होतो. मला तीनच वाक्यं बोलायची होती. फोटो मी छापले. तिला विचारलं नव्हतं. आणि अळी त्या गावांतही आहे जिथं फोटो नाही. यातलं तिसरं तर सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त कोणीतरी मोठ्यानं म्हणायला हवं होतं. संजीवनीनं माझ्याकडं पाहिलं. एकदाच. मी पायातल्या चपलेचा अंगठा नीट करू लागलो.

मी परगावचा, त्यात मुसलमान, भडकलेल्या गावात एकटा, असं कारण मी स्वतःला पुष्कळ दिवस दिलं. ते अगदी खोटं नाही. पण त्या गावात तीस वर्षं मी जेवलो होतो, तिथं मला कोणी बोटही लावलं नसतं. मी भ्यालो ते दुकानाला. वर्षाचे सगळे मोठे फ्लेक्स मला त्या कृषी केंद्राकडूनच मिळायचे.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर एकही पोरगी आली नाही. आयांनी पाठवल्या नाहीत. मोतीरामनं वावरातला फोटो काढून जाळला. संजीवनीनं आठवडाभर घरोघर जाऊन पाहिलं, मग पुण्याला एका शाळेच्या तलावावर नोकरी धरली. जाताना खामगावला गाडी बदलायची होती. मी स्टँडवर गेलो. माफी मागायची होती. मंजुळाबाईही सोबत होती, बोचकं मांडीवर घेऊन. लेक गाव सोडून जाते तर मी कोणासाठी राहू, असं म्हणून तीही निघाली होती.

"संजीवनी," मी म्हणालो, "ते फोटो..."

"मले माहीत आहे, काका. नाव होतं नं खाली तुमचं. मी आली त्याच दिवशी वाचलं."

"मग मलाच पाटी काऊन सांगितली?"

"म्हटलं, येसान. पाहासान पोरीईले. कोनी काई बोललंच तं तुमी सांगसान." ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. "फोटोचं मले काई नाही वाटत काका. तसे लय छापले लोकाईनं. त्या दिवशी एक शब्द बोलाले पाह्यजे होता तुमी. माह्यासाठी नाही म्हनत. अजून बारा दिवस पाह्यजे होते मले फक्त."

गाडी लागली. मी मंजुळाबाईचं बोचकं वर चढवून दिलं.

पुढच्या वर्षी पोळा झाल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी मोतीरामची प्रांजल शेततळ्यात पडली. बादली बुडवायला वाकली आणि प्लास्टिकवरून घसरली. काठावर तिची धाकटी चुलत बहीण होती, ती ओरडत गावाकडं पळाली. तिनं नंतर सांगितलं की ताई बुडाली नव्हती, पाठीवर पडून तरंगत होती, शिकवलं होतं तशी, आणि तिलाच सांगत होती की पळ, दोरी आण. नऊ दिवसांत तेवढं झालं होतं. दम धरायचं राहिलं होतं. माणसं पोचली तेव्हा उशीर झाला होता.

मी तिसऱ्या दिवशी गेलो. ओसरीवर माणसं बसली होती, तीच, पारावरची. मोतीराम भिंतीला टेकून होता. मी त्याच्यापुढं बसलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. फोटो मी छापले, मी ओळखलं होतं तिला, तिला काहीही माहीत नव्हतं, आणि त्या संध्याकाळी मी हे सांगायला हवं होतं. मला वाटलं, आता कोणीतरी उठेल, शिवी देईल, कॉलर धरेल. मला ते हवं होतं.

कोणी हललं नाही. मोतीरामनं पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला.

"आमाले माहीत होतं, बशीरभाई," तो म्हणाला. "पयला तं मीच घेऊन आलतो तुमच्याकडून. मी उठत होतो त्या दिवशी सांगाले. मंग तुमाले पाह्यलं तिथं बसलेले. म्हटलं, भाई उठते आता, भाईच सांगते. आन मी बसलो."

ओसरीच्या कोपऱ्यातून कोणीतरी हळूच म्हणालं, "मीबी."